मिंकेबाईंचे पडदे

आमच्या लेउवार्डन शहरातल्या माझ्या वयाच्या निम्म्याहून अधिक पोरांना मिंकेबाईंनी कधी ना कधी पाण्यातून ओढून काढलेलं आहे. नगरपालिकेच्या तलावावर त्या पोहायला शिकवायच्या. स्वतः पाण्यात उतरलेल्या मात्र त्यांना कोणी पाहिलेलं नाही. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला आकडा, पायात पांढऱ्या सपाता आणि तोंडाची टकळी चालू. "पाय मार, वोब्बे! पाय कशाला दिलेत तुला?" मी गटांगळी खाल्ली की आकडा माझ्या काखेत यायचा आणि मी बाजाराच्या पिशवीसारखा काठावर येऊन पडायचो.

परीक्षेच्या दिवशी अंगभर कपडे आणि पायात बूट घालून पोहायचं असतं, कारण कालव्यात पडणारा माणूस आधी कपडे उतरवून मग पडत नाही. त्या परीक्षेत माझा एक बूट तळाला गेला. नवाकोरा बूट. बाईंनी आईला सांगितलं, "बदलायच्या खोलीतून कोणीतरी उचलला. हल्लीची पोरं!" आईने विश्वास ठेवला. बाईंनी ते उपकार कधी बोलून दाखवले नाहीत. पण त्या विसरल्याही नव्हत्या, हे पुढे कळलं.

त्यामुळे फ्लोर एक दिवस कँटीनमध्ये येऊन म्हणाली, "मला माझी म्हातारी मिळाली, मिंकेबाई," तेव्हा माझी काख आपोआप दुखली.

फ्लोर आमच्या फिल्म अकादमीत दिग्दर्शन शिकत होती, मी ध्वनी, आणि योरित कॅमेरा. शेवटच्या वर्षाच्या लघुपटाला सरांनी एकच अट घातली होती. कोणी एक शब्दही बोलायचा नाही, खोलीने बोलायचं. चौकटीत कोणती वस्तू ठेवायची, कोणती काढायची, कुठे ठेवायची, उजेड कुठून यायचा, माणूस कुठे बसायचा, या सगळ्या मांडणीला आमच्याकडे मीज-आं-सेन म्हणतात, आणि फ्लोर त्याबाबतीत वेडी होती. तिने बाहेर प्यायलेल्या कॉफीचा कप वेटरने उचलला तरी तिला रुखरुख लागायची. तिची गोष्ट चार ओळींची होती. एक म्हातारी. घरात एकटी. दिवसभर वाट बघते. कोणी येत नाही.

बाईंनी ती ऐकली आणि विचारलं, "म्हणजे मी नुसतं बसायचं?"

"हो."

"आणि कोणीच येत नाही?"

"कोणीच नाही."

"मग लोक बघणार काय? माझे गुडघे?"

"खोली बघणार, बाई. खोलीच सगळं सांगणार."

"माझी खोली चहाड्या करत नाही," बाई म्हणाल्या, आणि आम्हाला एकेक बिस्कीट दिलं. मग डब्याचं झाकण लावलं. टक्. त्या झाकणाचा आवाज लेउवार्डनमध्ये प्रत्येक घरात असतो, पण बाईंच्या डब्याचा फार निर्णायक होता. न्यायाधीशाने हातोडा मारावा तसा. त्यानंतर दुसरं बिस्कीट मागायची हिंमत कोणी केली असेल तर तो माणूस मला भेटलेला नाही.

शुक्रवारी मांडणी आणि तालीम, शनिवारी चित्रीकरण असं ठरलं. शुक्रवारी आम्ही सायकलींवरून गेलो. बाईंची गल्ली म्हणजे समोरासमोर दोन ओळी, एकाला एक चिकटलेली विटांची घरं, आणि प्रत्येकाला रस्त्याच्या बाजूने मोठी खिडकी. खिडकीच्या कट्ट्यावर सगळं जोडीने. दोन कुंड्या, दोन दिवे, दोन चिनी मातीची बदकं. फ्लोरने आल्याआल्या प्रत्येक जोडीतली एक वस्तू उचलली.

"हे काय चाललंय?"

"एकटेपणा, बाई. बघा ना, एकच बदक. कसं वाटतं?"

"दुसरं फुटल्यासारखं वाटतं."

फ्लोरने एक सुकलेलं झाडही आणलं होतं, पांढऱ्या फुलांचं, पानं माना टाकून पडलेली. ते योरितच्या खोलीतलं होतं. योरित झाडांना पाणी घालत नाही, हे तिला त्याच्यातलं सगळ्यात उपयोगी वाटायचं. झाड तिने खिडकीत ठेवलं, मागे सरकून डोळे बारीक करून बघितलं आणि खूश झाली. तासाभराने आम्ही पुन्हा पाहिलं तर झाड ताठ उभं! पानं चकाकतायत. बाईंच्या हातात झारी.

"बाई! मी त्याला मारत आणलं होतं!"

"तेच म्हणते मी. बिचाऱ्याचे हाल केलेत कोणीतरी."

योरित छताकडे बघू लागला.

"तुम्ही जे करताय ना," फ्लोर शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "त्याने माझं मीज-आं-सेन बिघडतं."

"तुझं ते जे काय आहे, त्याला आम्ही घर आवरणं म्हणतो. आणि ते मी रोज करते."

दुपारपर्यंत दुसरं बदक तीनदा परत आलं. खुर्चीवरून काढलेली उशी परत आली. टेबलावर फ्लोरने एकच कप ठेवला होता, त्याच्या शेजारी दुसरा उगवला. "कोणी आलं तर?" बाईंचं उत्तर तयार. "कोणी येत नाही!" फ्लोर ओरडली. "गोष्टच ती आहे!" बाईंनी तो दुसरा कप उचलला आणि कपाटात ठेवला, पण पुढच्या फळीवर, पटकन हाती येईल असा.

सकाळच्या तालमीत आणखी एक भानगड झाली होती. बाई छान बसल्या होत्या, उदास, हात मांडीवर. एवढ्यात घड्याळात दहाचे टोले पडले. बाईंनी झटकन कप उचलला, खिडकीकडे वळून उंच धरला आणि हसल्या.

"हे कोणासाठी?"

"झाइलस्त्रा."

समोरच्या खिडकीत एक उंच, वाकलेला म्हातारा कप वर धरून उभा होता. दुर्क झाइलस्त्रा, गल्लीचा जुना पोस्टमन, आता निवृत्त. रोज दहाला तो तिकडून कप उचलतो, बाई इकडून. बाईंचे यजमान गेल्यापासून हे चालू आहे.

"मग ते येतात का कधी? कॉफीला?"

बाई फ्लोरकडे अशा बघायला लागल्या, जणू तिने बूट घालून पलंगावर उडी मारली होती. "असा कसा येईल? मी बोलावलेलं नाही, त्याने विचारलेलं नाही. वेळ ठरलेली नाही."

मग पडद्यांचा विषय निघाला. फ्लोरला ते बंद हवे होते. दिवसा बंद पडदे, मध्ये एकच दिवा, एकच कप. बाईंनी साफ नकार दिला.

"दिवसा पडदे कधी ओढतात माहिती आहे का तुला? घरात प्रेत असलं की. माझा नवरा श्यूर्ड गेला तेव्हा ओढले होते. त्यानंतर नाही. गल्लीत लोक काय म्हणतील?"

फ्लोरने विनवण्या केल्या, चित्रं काढून दाखवली, डोळ्यांत पाणी आणलं. बाई हलल्या नाहीत.

मी त्या वेळी कोपऱ्यात बसून बाईंच्या ब्लाऊजला लावलेला छोटा माइक तपासत होतो. कपडा घासून आवाज येतो का, श्वास कसा ऐकू येतो, वगैरे. हेडफोन कानावर. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि फोन वाजला. माइक काढायचं त्या विसरल्या होत्या. मी हेडफोन काढायला हवे होते, पण फोनवरचा आवाज इतका मोठा होता की ते हेडफोनशिवायही ऐकू आलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं.

फोनवर एल्स्के होती, बाईंची धाकटी बहीण. ती हेरेनवेनला म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत राहते. तिच्याच मजल्यावर एक घर रिकामं झालं होतं आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं, नाहीतर ते दुसऱ्याला जाणार.

"मी इथेच बरी आहे, एल्स्के."

"बरी? तिथे मरून पडलीस तर कोणाला कळणारसुद्धा नाही!"

"माझ्या गल्लीला कळेल."

"तुझ्या गल्लीला! गेल्या हिवाळ्यात तापाने फणफणत होतीस तेव्हा कोण आलं होतं, सांग."

"पडदे उघडे होते. पडदे उघडे म्हणजे बाई ठीक आहे, असंच समजणार ना माणसं?"

"मिंके, कोणीही येणार नाही. पैज लाव."

मला फक्त त्यांचा श्वास आणि नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. मग त्या म्हणाल्या, "लावली. कोणी आलं नाही तर सोमवारी मी हो म्हणेन. सामान बांधायला तू ये."

फोन ठेवला. मग स्वतःशीच, अगदी हळू, "बघू तर खरं."

बाहेर आल्या तेव्हा चेहरा भलताच गोड. "फ्लोर, उद्या पडदे ओढलेस तरी चालेल हो. कलेसाठी."

फ्लोरने त्यांना मिठीच मारली. अकादमीचा नियम आहे, चित्रीकरणाच्या आधी शेजाऱ्यांच्या घरोघरी तसं कळवणारी चिठ्ठी टाकायची. फ्लोर त्या घेऊन निघाली, तर बाईंनी गठ्ठा काढून घेतला. "तू कशाला जातेस? मीच टाकते. मला सगळे ओळखतात." आणि गठ्ठा ॲप्रनच्या खिशात घातला. मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"वोब्बे, तुझी आई बरी आहे ना? तुझ्या त्या बुटाचं तिला कधी सांगायचं राहूनच गेलं माझं."

मी तोंड मिटलं.

शनिवारी सामान फार म्हणून योरितने काकाची व्हॅन आणली. काळी, लांबलचक. चित्रीकरणाला आम्ही नेहमी काळेच कपडे घालतो, नाहीतर काचेत आपलंच प्रतिबिंब दिसतं. म्हणजे बाहेरून काय दिसलं असेल ते बघा. काळ्या गाडीतून काळ्या कपड्यांतली तीन माणसं उतरली, त्यांनी एक लांब, जड, काळी पेटी दोन्ही बाजूंनी धरून आत नेली, आणि आतून पडदे ओढले गेले. पेटीत दिव्याचे स्टँड होते. फ्लोरला आपल्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूचा अर्थ पाठ होता, पण त्या सकाळी आम्ही रस्त्यावर काय मांडून ठेवलंय, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. माझ्या कानात बाईंच्या खिशातल्या चिठ्ठ्या कुरकुरत होत्या.

दहाचे टोले पडले. बाई पिवळ्या दिव्याखाली बसल्या होत्या, समोर एक कप, खिडकीत एक बदक. त्यांचा हात सवयीने कपाकडे गेला. कप थोडा वर उचलला गेला. मग पडदा दिसला असावा. त्यांनी तो अलगद खाली ठेवला.

"कट!" फ्लोर कुजबुजली. "देवा रे. हे मी सांगितलंच नव्हतं. काय अभिनय करतेय बाई!"

तो अभिनय नव्हता. बाहेरून पावलं यायची, बाईंचा श्वास थांबायचा. पावलं पुढे निघून जायची, श्वास सुटायचा. माझ्या कानात हे सगळं अगदी जवळून ऐकू येत होतं. सायकली गेल्या. हल्लीचा नवा पोस्टमन आला, पेटीत जाहिरात टाकून गेला. कोणीतरी दाराबाहेर उभं राहिलं, खाकरलं आणि परत गेलं. फ्लोर एकामागून एक शॉट घेत होती, आनंदाने तिचे कान लाल झाले होते. आणि बाई दर शॉटला खुर्चीत जरा जरा लहान होत चालल्या होत्या.

आम्ही चीज लावलेले पाव खायला थांबलो. बाईंनी खाल्लं नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"बाई, जाऊन सांगू का त्यांना?"

"कोणाला काही सांगायचं नाही. सांगून आलेले मोजायचे नसतात." मग म्हणाल्या, "हेरेनवेनला तलाव आहे का रे?"

"मोठा आहे. गरम पाण्याचा."

"गरम पाण्यात कोणी शिकत नाही," त्या म्हणाल्या आणि पावाचा चुरा टेबलावरून तळहातात गोळा करत राहिल्या.

दुपार कलली तेव्हा बेल वाजली. फ्लोर शॉटच्या मधोमध होती, "कोण आहे तो मूर्ख!" म्हणेपर्यंत बाई दारापाशी पोचल्यासुद्धा.

दारात झाइलस्त्रा. काळा सूट, डांबराच्या गोळ्यांचा वास, पँटच्या कमरेला मोठी सेफ्टी पिन. त्याच्यामागे सगळी गल्ली. कोपऱ्यावरचं जोडपं, सुपाचं भांडं घेतलेली एक बाई, केक घेतलेले दोघे, बाकीचे टोप्या काढून उभे. झाइलस्त्राने बाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही?"

"मीच."

"मग मेलं कोण?"

"आज कोणी नाही."

"पण पडदे बंद आहेत!"

"आहेत. सकाळपासून आहेत! आणि तुम्ही आत्ता येताय, झाइलस्त्रा? दिवस मावळायला?"

म्हाताऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. "कार्ड नाही आलं! काळ्या किनारीचं कार्ड येईल, त्यावर भेटायची वेळ असेल, म्हणून आम्ही सगळे माझ्याकडे सकाळपासून बसलोय. पोस्टमनला मी रस्त्यात तीनदा अडवलं. कार्ड नाही, वेळ नाही, मग यायचं कसं? मी एकदा दारापर्यंत येऊन गेलो. पण असं न विचारता…"

"मेलेल्या माणसाला विचारायचं?" मागून केकवाला म्हणाला.

"शेवटी मीच म्हटलं, बस झालं, जाऊया," सुपवाली म्हणाली. "आणि मग झाइलस्त्रांची पँट बसेना."

मला हेडफोनमध्ये ऐकू आलं. बाईंचा श्वास आत गेला आणि किती तरी वेळ बाहेरच आला नाही. यजमान गेले तेव्हा घरोघरी धाडलेल्या कार्डांवर सांत्वनाला यायची वेळ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. गल्लीची रीत त्यांच्याइतकी कोणाला माहीत? आणि नेमकी तीच विसरून त्या दिवसभर स्वतःला पुरत बसल्या होत्या.

"या आत," त्या म्हणाल्या. "पाय पुसून."

पुढचा प्रश्न असा की बोलायचं काय. सांत्वनाला आलेली माणसं, आणि प्रेत कॉफी टाकतंय. झाइलस्त्राने विचार केला, हात पुढे केला आणि म्हणाला, "अभिनंदन, शेजारीणबाई." ते सगळ्यांना पटलं. आमच्याकडे वाढदिवसाला करतात तसं प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं. बाईंचं, एकमेकांचं, माझं, योरितचं. स्वयंपाकघरातून, वरून, शेजारून खुर्च्या आल्या आणि भिंतीला लागून गोल मांडल्या गेल्या. कपाटातला पुढच्या फळीवरचा कप सगळ्यात आधी बाहेर आला.

फ्लोर मधोमध एक बदक हातात घेऊन उभी. "माझा शेवटचा शॉट राहिलाय," ती रडकुंडीला आली. "माझ्या एकटेपणात चौदा माणसं बसलीयत!"

"तुमचंही अभिनंदन," कोपऱ्यावरचे आजोबा तिला म्हणाले.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तलावावर मारायच्या तशी बोटांनी शिट्टी मारली. "सगळे बाहेर! काठावर उभे राहा! हूं नाही की चूं नाही!" गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी, किंवा त्यांच्या मुलांनी, कधीतरी तो आकडा काखेत अनुभवला होता. सगळे निमूटपणे कप घेऊन बाहेर गेले आणि खिडकीपुढे फुटपाथवर उभे राहिले.

दार लागलं. फ्लोरने डोळे पुसले. "दिवा," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली. फेब्रुवारीचं ऊन अगदी खाली आलं होतं, गल्लीच्या टोकाकडून तिरपं येऊन खिडकीवर पडत होतं. पडदे पातळ. त्यांच्यावर बाहेरच्या सगळ्यांच्या सावल्या उमटल्या होत्या. टोप्या, खांदे, सुपाचं भांडं. आत एक बाई, एक कप, एक बदक.

"दिवा विझव," फ्लोर दबक्या आवाजात योरितला म्हणाली. "काही हलवू नका. बाई, तुम्ही नुसत्या बसा."

बाई बसल्या. पडद्यावरच्या सगळ्यात उंच, वाकलेल्या सावलीने कप वर उचलला. दहा वाजलेले नव्हते, तरीही. बाईंनी आपला उचलला.

फ्लोर "कट" म्हणायची विसरली. शेवटी बाईच म्हणाल्या, "झालं का? त्यांची कॉफी निवत असेल."

एल्स्केला त्यांनी त्याच संध्याकाळी, माझ्यासमोरच फोन केला. "हो, आले. न सांगता. म्हणजे मी न सांगता… नाही, सूटमध्ये… एल्स्के, पैज म्हणजे पैज. ते घर दुसऱ्याला देऊन टाक. आणि माझ्या वेळी कार्ड वेळेवर टाक बाई, इथली माणसं त्याशिवाय हलत नाहीत." पाठीमागून कोणीतरी गाऊ लागलं होतं.

अकादमीत लघुपट दाखवला तेव्हा सगळी गल्ली एका रांगेत बसली होती. बंद पडदे दिसले मात्र, त्या रांगेतून चारपाच आवाज आले, "अरे देवा, कोण गेलं?" आमचे सर मागे वळून बघत राहिले. फ्लोर उत्तीर्ण झाली.

पण त्याआधी माझं एक काम राहिलं होतं. तिला एका दृश्यात बिस्किटांच्या डब्याचा आवाज हवा होता, ते टक्. मी यंत्र घेऊन बाईंकडे गेलो. खिडकीत दोन्ही बदकं, योरितचं झाड फुललेलं, पडदे उघडे, आणि टेबलाशी झाइलस्त्रा. वेळ ठरवून आला होता, असं त्याने मला आपणहून सांगितलं. मी माइक डब्याजवळ धरला, हेडफोन चढवले. बाईंनी झाकण काढलं. मी एक बिस्कीट घेतलं, झाइलस्त्राने एक घेतलं. मी श्वास रोखून झाकणाची वाट बघत बसलो. बिस्कीट मोडल्याचा आवाज आला, कप ठेवल्याचा आला, बाहेरून एक सायकल गेली. झाइलस्त्रा डब्याकडे बघत होता. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. झाकण टेबलावरच पडलेलं.

"बाई," शेवटी मी म्हणालो, "झाकण लावता का? रेकॉर्डिंग चालू आहे."

"चालू दे," बाई म्हणाल्या, आणि डबा झाइलस्त्राकडे सरकवला.

ते टक् मी शेवटी माझ्या आईच्या डब्याचं घेतलं.